राजगिऱ्याएवढा चांद

यमू,

काल तुझा तेरावा झाला. आज मी दाळ निवडायला बसले. इतके दिवस शेजारच्या रखमाबाईंनी दोन्ही वेळचं आणून दिलं. सकाळी त्यांना म्हटलं, आता राहू द्या, माझे हात आहेत. परात घेतली, दारात उजेडाला बसले. पहिल्याच मुठीत एक खडा लागला. तुरीच्या दाळीएवढा, तिच्याच रंगाचा. अंगठ्याच्या नखावर घेतला, फेकायला हात उचलला आणि हात तिथंच राहिला. वाटलं, आता तू आतून विचारणार, "वैनी, हाऊ खडा शे हाई तुले कसं समजनं?"

मी म्हटलं असतं, "दात लाईसन देख, मंग समजी."

तू काही विचारलं नाही. खडा ओट्यावर ठेवला आहे. फेकवला नाही.

शाळेतून मोठ्या बाई आल्या होत्या. शाळेचा अंक निघणार आहे, त्यात तुझ्यावर पानं आहेत. तू कुठं जन्मली, काय शिकली, किती वर्षं शिकवलं, ते तिथल्या बाईंनी लिहिलंय. मोठ्या बाई म्हणाल्या, "वैनी, तुम्ही पण लिहा. तुम्ही जवळच्या." शाळेत बठ्ठे मला वैनीच म्हणतात, सगळे, शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत. जवळच्या म्हणाल्या, कोण ते नाही म्हणाल्या. त्यांचा दोष नाही. ते एका शब्दात मलाही कधी सांगता आलं नाही. तर मी लिहिते. अक्षर तुझ्याच हातचं शिकलेलं आहे. ओळ वाकडी गेली तर तू समजून घे.

तू सहा वर्षांची होती आणि मी तेराची, तेव्हा मी साक्रीकडच्या त्या गावात तुमच्या घरात सून होऊन आले. मांडवात तू माझ्या मांडीवर झोपून गेली आणि माझ्या नव्या लुगड्याला नाक पुसलं. तुझा भाऊ विहिरी खोदायला जायचा. सहा वर्षं संसार झाला. एका दुपारी विहिरीची कड खाली आली. लोक सांगायला आले तेव्हा मी भाकरी थापत होते. हातातली भाकर तव्यावर टाकली, दोन्ही अंगांनी भाजली, उतरवली, मग उठले. बाया म्हणाल्या, काय दगडाची बाई आहे. मला दुसरं काही सुचलं नव्हतं यमू. ती भाकर तू खाल्ली. त्या दिवशी घरात जेवलेली तू एकटीच.

महिनाभरानं सासूबाई म्हणाल्या, "पोऱ्या नही राह्यना, आते सून कसानी?" रागानं नाही म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. धागा तुटला की मणी कुठंही जातो. मी माहेरी जायला पिशवी भरली आणि तुला ताप आला. तू माझा पदर मुठीत धरून झोपली. मुठी सुटेना म्हणून मी थांबले. मग सासूबाईच दोन पावसाळ्यांत गेल्या, आणि तुमच्या काकांनी तुझं लग्न ठरवलं. तू चौदाची, तो दोन लेकरांचा बाप. साक्रीच्या बाजाराला जातो म्हणून आपण दोघी निघालो आणि धुळ्याच्या गाडीत बसलो. धुळ्याहून जळगाव. तुझ्या पिशवीत पाटी होती, माझ्या पिशवीत तवा. गाडीत तू विचारलं, "वैनी, आपू परत कव्हय येसूत?" मी म्हटलं, "तू शाळा शिकी लेशी तव्हय." तू म्हणाली, "मंग येवानंच नही." किती हसलो आपण. मागच्या बाकावरचा माणूस वळून पाहत होता.

दालमिलमध्ये माझ्या माहेरची एक बाई होती, तिनं मला लावून दिलं. तिथंच जन्म गेला. पहिल्या नंबरची दाळ, दुसऱ्या नंबरची, मग कणी, मग चुनी, दाळीचा भुगा, ती गुरांना. आणि खडा. मशीनच्या चाळण्या होत्या, एकीखाली एक, पण चाळणीला रंग दिसत नाही. दाळीएवढा खडा दाळीबरोबर खाली येतो. तो बाईच्याच नखाला लागतो. पहिलं वर्षभर डोळ्यानं शोधावं लागतं. मग डोळा नुसता बघत राहतो आणि नख आपलं चालतं. झोपेत सुद्धा माझा अंगठा हलायचा. तू सकाळी सांगायची, "वैनी, रातले तू गोधडी निवडी राह्यंती."

तू शिकली, बाई झाली, मुलींना विज्ञान शिकवायला लागली. मला संध्याकाळी अक्षरं शिकवली. परातीत दाळ पसरून बोटानं अ काढायची. मी म्हणायचे, उद्याच्या वरणात अ आला तर?

आणि मग आभाळाचं वेड घेतलं तू.

त्या साली शनीजवळून एक यान गेलं होतं. तू पेपर घेऊनच घरात आली. चप्पल पायात तशीच.

"वैनी, शनीले आखो चांद सापडनात."

"कितला?"

"मोजी राह्यनात आजून."

"इतला दिवस काय आंधया व्हतात का बठ्ठा?"

"लहान शेतस व. येडावाकडा. बटाटासारखा."

"मंग तो चांद कसाना? चांद गोल पाहिजे."

तू खाली बसली आणि तुझी भाषा बदलली. घरात आपण आपलं बोलायचो, पण आभाळाचा विषय आला की तू पुस्तकातली व्हायची. "गोलच पाहिजे असं नाही. सूर्याभोवती फिरतो तो ग्रह. ग्रहाभोवती फिरतो तो चंद्र. मंगळाचे दोन्ही चंद्र बटाट्यासारखेच आहेत."

"आनि शनीना कडामा काय शे?"

"बर्फाचे तुकडे. थोडी दगड-धूळ. काही घराएवढे, काही खड्याएवढे, काही पिठासारखे."

"त्या शनीना भवते फिरतस?"

"फिरतात."

"मंग त्या बठ्ठा चांद."

तू पेपर परत उलटून पाहिला. "नाही, त्यांना चंद्र धरत नाहीत."

"कसाले? फिरतस ना?"

"फार लहान आहेत."

"कितला लहान म्हंजे फार लहान? चाळणीनं भोक केवढं ते सांग."

"तसं भोक कुणी ठरवलेलं नाही वैनी."

मला इतका आनंद झाला. सगळ्या जगातल्या शिकलेल्या लोकांकडं एक चाळणी नाही! मी म्हटलं, आमच्या मिलमध्ये हे एक दिवस चाललं नसतं. शेटनं विचारलं असतं, चुनी कुठं संपते आणि खडा कुठं लागतो, आणि आम्ही सांगितलं असतं. तू चिडली. ताट उचलताना म्हणाली, "चुनीपण दाळच शे वैनी. लहान शे म्हनीसन ती खडा नही व्हस."

हा वाद मग वर्षानुवर्षं चालला, बाजू उलट्या करून. भाजी निवडताना, एसटीत, रखमाबाईंच्या ओट्यावर. तू म्हणायची, फिरतो ना, मग धरायचा. मी म्हणायचे, कुठंतरी हात थांबला पाहिजे, नाहीतर सगळी परातच चांद होईल. रखमाबाई म्हणायच्या, तुम्हा दोघींना सासू नाही म्हणून हे सुचतं.

ते यान गेलं त्याच हिवाळ्यात जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आलं. तू मोठी फळी आणली, तिच्यावर काळं कापड ताणून ठोकलं. मातीचे गोळे करून ग्रह केले, रंग दिले. चांद करायला तू माझ्याकडं आली. तेव्हा मला फार बरं वाटलं. मी डबे काढून दिले. मोठ्या चांदांना हरभरा, त्याहून लहानांना तूर, मग मूग, मग मोहरी. आणि ते नवीन सापडलेले, त्यांना राजगिरा. एकेक दाणा डिंकाच्या थेंबावर तू सुईच्या टोकानं ठेवला. जीभ बाहेर काढून. लहानपणी पाटीवर लिहायची तशीच.

मी बाजूला बसून पाहत होते. सहज विचारलं. खरंच सहज विचारलं मी.

"यमू, मधला मोठा गोल गया तर?"

"गया म्हंजे?"

"नहीच राह्यना. मंग त्याना चांदनं काय?"

तू सुईवरून नजर काढली नाही. "मग तो चंद्र राहत नाही. कुणाचाच नसतो तो. भटकत जातो."

दाणा ठेवला, दुसरा उचलला. तुला काही कळलं नाही. शिकवणाऱ्या माणसाला वर्गात कोण बसलंय ते कधी कधी दिसत नाही. मी उठून भांडी घासायला गेले.

तुझा भाऊ जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती. मी तुझी भावजय होते ती त्याच्यामुळं. तो मधून गेला, मग मी कोण? सासूबाईंनी एकदा सांगितलं होतं. आता तू सांगितलं, आणि तू शिकलेली.

तू म्हणशील, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. पण त्याच्या आधी धुळ्याचं ते स्थळ आलं होतं, आठवतं? चांगला मास्तर माणूस. त्याच्या आईनं चहाची बशी खाली ठेवून विचारलं होतं, "भावजय कसाले संगे? तिले तिना माणसं नहीत का?" तू त्यांना गाडीच्या वेळा सांगितल्या. बस, तेवढंच. मी तुझ्याशी आठ दिवस भांडले. म्हटलं, मी साक्रीला जाईन, मिलच्या बायांमध्ये राहीन, तू हो म्हण. तू म्हणायची, "माले तो माणूस आवडना नही." मला वाटायचं, आवडला होता. मी आहे म्हणून नाही म्हणाली. तुझ्या गळ्यातला दगड मी, असं वाटायचं. हे तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खोटं बोलली असती, आणि मला ते कळलं असतं.

तर त्या दिवशी भांडी घासली आणि झोपले. दुसऱ्या दिवशी पहाट झाली. तू अंघोळीला गेली होती. फळी भिंतीला टेकवलेली होती आणि दारातून कोवळं ऊन आडवं तिच्यावर आलं होतं. काळ्या कापडावर बारीक बारीक पांढरं कचऱ्यासारखं चमकत होतं. माझं नख चाललं. यमू, देवाशपथ, आधी नुसतं नख चाललं. वीस-पंचवीस वर्षांची सवय. बारीक, दाळीत न बसणारं, की काढ. टिक टिक करत निघत होते दाणे. डावा हात खाली धरला होता, त्यात पडत होते.

हे मी तुला कधी तरी सांगितल्यासारखं केलं. "सवयीनं व्हई गयं" म्हटलं होतं. पण ते पुरतं सांगितलं नाही. आज सांगते.

दोन राहिले होते तेव्हा मला कळलं. हा कचरा नाही, हे यमूचे चांद आहेत. हात थांबला. उन्हात ते दोन दाणे पाहिले मी चांगले. आणि मग तेही काढले. पाहून काढले. सवयीनं नाही.

मूठ दारात झटकली. रखमाबाईंची लाल कोंबडी तिथंच होती. तिनं शनीचे सगळे चांद एका दमात टिपले आणि मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं, अजून आहेत का म्हणून.

तू घाईत होती. फळीवर चादर गुंडाळली आणि रिक्षात घातली. मी डबा घेऊन मागून आले. वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येणार नाही. एवढे एवढेसे दाणे. त्यांना कोण मोजतं?

तपासायला आलेले साहेब चष्म्यातून वाकून पाहत एकेका ग्रहापाशी थांबले. शनीपाशी आले. म्हणाले, "बाई, शनीचे हे जुनेच चंद्र दिसतात. पेपर वाचत नाही का तुम्ही? नवीन कितीतरी सापडलेत."

तू वळून पाहिलं. काळ्या कापडावर डिंकाचे डाग होते, राजगिऱ्याएवढे, चकचकीत. जागच्या जागी. तू एक बोट त्यावरून फिरवलं. मग मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. मी खांबाला टेकून उभी होते, डबा पोटाशी धरून. वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार. बोलली असती तर मला चाललं असतं.

तू साहेबांकडं वळली. "सर, एवढ्या लहान चंद्रांना धरायचं की नाही, यावर आमच्या घरी वाद चालू आहे. तो मिटेपर्यंत जागा सोडून ठेवली आहे."

साहेब मोठ्यानं हसले. "घरी? कोण आहे तुमच्या घरी एवढं शिकलेलं?"

"आमच्या वैनी," तू म्हणाली. "त्यांचं मत तिकडच्या लोकांनी अजून विचारात घेतलेलं नाही."

बक्षीस मिळालं नाही. घरी आल्यावर तू चादर सोडली, फळी कपाटामागं सरकवली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "वैनी, आज रखमाबाईनी कोंबडी अंडं भारी देई."

एवढंच. एक शब्द जास्त नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले असते, पण मला तसं रडायला येत नाही, तुला माहीत आहे. मी पुरणाची दाळ भिजत घातली. सण नव्हता, काही नव्हतं. तू चार मांडे खाल्ले आणि विचारलं नाही, आज काय म्हणून.

मग वर्षं गेली. तुझे केस पिकले, माझे तर आधीच पिकले होते. मिलनं मला घरी बसवलं. मी घरी बसून बिबड्या घालायचे, ज्वारीचे पापड, तू शाळेतून आली की ओट्यावर बसून मुलींच्या वह्या तपासायची आणि ओल्या बिबड्या चोरून खायची. दिवसाचा चांद दिसला की हाक मारायची. तो मला फार आवडायचा, सकाळचा, पुसट, धुतलेल्या पाटीवर राहिलेल्या खडूसारखा. मिलला जाताना मी त्याच्याकडं पाहत जायचे. तू म्हणायची, नुसती पृथ्वीच चांदाला ओढत नाही, चांदही पृथ्वीला ओढतो. थोडंसं. मला ते खोटं वाटायचं. लहान माणूस मोठ्याला कसा ओढणार?

आणि मग तो दिवस. तू रिटायर व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं होती. भर दुपारी तू घरी आली, मधल्या सुट्टीत. तू शाळा सोडून कधी घरी यायची नाही, म्हणून मी घाबरले. "काय व्हयनं?"

"वैनी, ग्रह लागत नही!"

"काय?"

"चांदले ग्रह लागत नही. दगडलेपण चांद ऱ्हास!" तू धापा टाकत होती. पेपर उलगडला, त्यात धुरकट चित्र होतं. एक लांबट, खड्डे पडलेला दगड आणि त्याच्या बाजूला पांढरा ठिपका. ग्रह नाही, काही नाही, नुसता आभाळात फिरणारा दगड. आणि त्याला चांद. पहिल्यांदाच दिसलेला. तू माप सांगितलं. तो दगड इथून पारोळ्याला एसटीनं जावं तेवढा लांब. आणि त्याचा चांद आपल्या घरापासून दालमिलपर्यंत.

"इतलासा?" मी म्हटलं. "घरथीन मिललोंग? मी तर त्याना भवते पायी फिरी येसू."

"तरी त्याला चंद्रच म्हणतात," तू पुस्तकातली झाली. मग परत आपली झाली. माझा हात धरला. तुझा हात घामानं ओला होता. "वैनी, मी तुले चुकीचं सांगेल व्हतं. तव्हय. फळी करी राह्यंतू तव्हय. मोठा गोल गया म्हंजे चांद कोनाच नही, अशी मी बोलनू."

तुला आठवत होतं. इतकी वर्षं. मला वाटत होतं, तुला कळलंसुद्धा नाही. दोघी एकाच घरात, एकाच ताटलीत भाजी वाढून घेत, दोघींच्या तोंडाशी तीच गोष्ट, आणि दोघी गप्प.

मी म्हटलं, "मंग आपला मझार दगड कोन आनि चांद कोन?"

"मी दगड. तू घर ते मिल."

"व्हय व? तुनं नाक कोन पुशे? मी मोठी शे तुनापेक्षा."

तू हसायला लागली. मग सांगितलं की अगदी शेवटी जो ग्रह आहे, त्याचा चांद त्याच्या निम्म्याएवढा आहे, आणि तिथं कुणी कुणाभोवती फिरत नाही. दोघांच्या मध्ये एक जागा आहे, तिच्याभोवती दोघं फिरतात. मी विचारलं, त्या जागेवर काय आहे? तू म्हणाली, काही नाही. रिकामी आहे. पण तीच दोघांना धरून ठेवते. मग घड्याळ पाहिलं, ओ माय म्हणाली आणि पळाली. पेपर ओट्यावर राहिला. मी त्यावर बिबड्या वाळत घातल्या नाहीत. घडी करून डब्यात ठेवला.

तेव्हा सांगायला हवं होतं मी. त्या दोन दाण्यांचं. तू तुझं सांगून मोकळी झाली. माझं माझ्यापाशी राहिलं.

पोटात गाठ निघाली तेव्हा तू डॉक्टरांना विचारलं, केवढी. ते म्हणाले, लिंबाएवढी. तू माझ्याकडं पाहून डोळा मारला, "वैनी, माप तरी ठरेल शे." दवाखान्यात कागद भरणाऱ्या माणसानं मला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"भावजय."

"भाऊ कुठे आहेत?"

"नाहीत. चाळीस वर्षं होऊन गेली."

"मग जवळचं कोणी नाही का?"

तू बाकावर आडवी होती. डोळे मिटलेले होते. तशीच बोलली. "साहेब, आमच्यात कोण कुणाभोवती फिरतं त्याचा वाद अजून मिटलेला नाही. जागा सोडून ठेवा."

तो माणूस वैतागला असेल, पण वाईट नव्हता. मागं लाईन होती. त्यानं जागा सोडली नाही. लिहिलं, इतर. मी वाचलं ते. तू शिकवलं नसतं तर मला कळलंही नसतं त्यानं काय लिहिलं. चाळणीखाली जे पडतं ते इतर. पण मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. तू जागा सोडायला सांगितली होती, ते मी ऐकलं होतं. कागदावर काही का असेना.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी ठरवलं, आज सांगायचं. स्टूल ओढलं. म्हटलं, "यमू, ती फळी आठवस का?" तू म्हणाली, "पाय चोळ ना व." मी पाय चोळले. लहानपणी तापात चोळले होते तसेच. तुला झोप लागली. मुठीत माझा पदर होता. मी तशीच बसून राहिले, नर्स बाई येईपर्यंत.

दहाव्याला साक्रीहून सुकदेव आला, तुझा चुलतभाऊ. त्यानंच सगळं केलं. घाटावर मला मागं उभं राहायला सांगितलं, रीत आहे म्हणून. मी राहिले. पिंडाला कावळा शिवेना. सुकदेव हात जोडून काय काय कबूल करत होता, शेती बघतो, देवाचं करतो. कावळा झाडावर. मग मी मागूनच मनात म्हटलं, यमू, ते लहान पण चांदच. मी हरले. कावळा आला की नाही ते जाऊ दे. आला, पण त्याला भूक लागली असेल. तू असं काही मानायची नाही आणि मीही तुझ्यासमोर मानल्यासारखं दाखवत नाही.

काल जेवणं झाल्यावर सुकदेव माझ्यापाशी बसला. मायेनं बोलला, खोटं नाही. "वैनी, आते आठे राहीसन काय करशी? चाल गावले. आठे तुनं कोन शे?"

मी म्हटलं, "माले आठे फिरानी सवय व्हई गयी भाऊ."

त्याला काही समजलं नाही. पण त्यानं परत विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेला.

सकाळी उठले, चहा दोन कप टाकला. तुझा ओतून टाकला नाही, दोन्ही मीच प्याले. तुझी खाट उन्हात टाकली. तुझ्या वह्यांची धूळ झटकली. मग दाळ निवडायला बसले. तुझ्या नसण्याभोवती माझं सगळं जसंच्या तसं चालू आहे. मधली जागा रिकामी असली तरी चालतं असं तू सांगितलं होतं. चालतं की नाही, ते अजून मला ठरवायचं आहे. पण आज तरी चाललं.

मोठ्या बाईंनी ती फळी मागितली आहे, शाळेत लावायला. म्हणून दाळ बाजूला ठेवून मी ती कपाटामागून काढली. जाळी लागली होती. ओल्या फडक्यानं पुसली, जपून. मातीचे ग्रह दोन ठिकाणी उकलले आहेत. हरभरे किडले आहेत. पण शनीजवळचे डिंकाचे डाग अजून आहेत, पिवळे पडलेत. उन्हात धरलं की दिसतात.

राजगिऱ्याचा डबा काढला. डिंक भिजवला. माझे डोळे आता गेलेत, सुई दिसत नाही, म्हणून नखानं ठेवले. ज्या नखानं काढले त्याच नखानं. एकेक. डाग जिथं होते तिथं तर ठेवलेच, पण तुला सांगते, नंतर हात थांबेना. शनीच्या कड्यातही ठेवले. मध्ये मध्ये, जिथं तू काहीच ठेवलं नव्हतं तिथंही. मोजले नाहीत. शेवटचे दोन राहिले ते सगळ्यांत उशिरा ठेवले, आणि ठेवताना तुझं नाव घेतलं. मग ओट्यावरचा तो सकाळचा खडा होता. तुरीएवढा. तोही एका बाजूला चिकटवला, शनीपासून लांब, एकटाच. त्याच्या शेजारी एक राजगिरा.

फळी दारात वाळत ठेवली आणि बाजूला बसले, हे लिहायला.

रखमाबाईंची आताची कोंबडी काळी आहे. ती लाल होती तिच्या नातवंडांची नातवंडं असेल. आली हळूहळू, मान हलवत, एक डोळा फळीवर. चोच पुढं काढली तिनं.

"हुश!" मी उठलेच. "सरक तथी. चांद शेतस ते."